हजारांत एक : ध्वनिवर्धकांच्या कारागिरांची स्पर्धा

रेडिओ म्हणजे दिवाणखान्यांतली एक मोठी लाकडी पेटी, अशा काळांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना एक गोष्ट निश्चित आठवत असेल. बटण फिरविलें कीं गाणें लगेच सुरू होत नसे. प्रथम स्टेशनांच्या नांवांची कांच उजळे. मग पेटीच्या आंत कांहींतरी तापत असल्याचा मंद वास येई. आणि अर्धें मिनिट लोटल्यावर, दुरून कोणी चालत यावें तसा आवाज हळूहळू जवळ येई. "व्हॉल्व्ह तापूं द्या, घाई करूं नका," असें वडील मंडळी म्हणत. पेटीच्या मागें भोकें पाडलेला पुठ्ठा असे, आणि त्या भोकांतून डोकावून पाहिलें तर कांचेच्या नळ्यांत लालसर तारा चमकतांना दिसत.

श्रोतेहो, तीं यंत्रें आतां बहुतेक घरांतून गेलीं. ज्या कांचेच्या नळीनें नभोवाणी घरोघरीं आणली, तिची जागा मुगाच्या दाण्याएवढ्या ट्रॅन्झिस्टरनें घेतली, त्यालाहि पन्नासांहून अधिक वर्षें झालीं. पण त्या नळीवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणारे ध्वनिवर्धक, ज्यांना आपण अँप्लिफायर म्हणतों, ते आजहि तयार होतात. आणि कांहीं रसिक त्यांच्यासाठीं मोटारगाडीची किंमत मोजतात. हा केवळ जुन्याचा सोस आहे, कीं त्यांत कांहीं तथ्य आहे? या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर ज्या कारागिरांनीं हें यंत्र पूर्णत्वास नेलें, त्यांच्या स्पर्धेची हकीकत सांगितली पाहिजे. ती स्पर्धा इंग्लंडांत आणि अमेरिकेंत सुमारें वीस वर्षें चालली, आणि सर्वांचें लक्ष एकाच आंकड्यावर खिळलें होतें. तो आंकडा म्हणजे हजारांत एक. तो कशाचा, तें क्रमाक्रमानें पाहूं.

ग्रामोफोनची सुई किंवा नभोवाणीची लहर आपणांस संगीत देते तें विजेच्या अत्यंत क्षीण हेलकाव्यांच्या रूपानें. त्या हेलकाव्यांत लाउडस्पीकरचा पडदा हलविण्याचें बळ नसतें. तें बळ त्यांना मिळवून देणें हें अँप्लिफायरचें काम. १९०४ सालीं इंग्लंडांत जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं हवा काढून घेतलेल्या नळींत एक तापणारी तार आणि तिच्यासमोर धातूचा पत्रा ठेवून वीज एकाच दिशेनें वाहूं देणारा व्हॉल्व्ह तयार केला. पुढें १९०६ च्या सुमारास अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्या दोहोंच्या मध्यें बारीक तारेची एक जाळी बसविली. या जाळीनें सारें चित्र पालटलें. शेताच्या पाटाला दार असतें. एका हातानें तें किंचित् खालींवर केलें कीं पाण्याचा सबंध लोंढा कमीअधिक होतो. त्याप्रमाणें जाळीवर विजेचा क्षीण हेलकावा आला कीं तारेपासून पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच हेलकाव्यानें कमीअधिक होऊं लागतो. लहानाची मोठी प्रतिकृति तयार होते.

ही प्रतिकृति तंतोतंत असती तर स्पर्धेला कारणच उरलें नसतें. पण पाटाचें हें दार सर्वत्र सारख्या मापानें उघडत नाहीं. मध्यें तें मोकळेपणानें फिरतें, टोंकांना अडखळतें. त्यामुळें मूळ हेलकाव्याचा आकार बिघडतो. या बिघाडास आपण विकृति म्हणूं. विकृति कानाला कशी लागते, हें समजण्यास आपल्या श्रोत्यांना तंबोऱ्यासारखा दुसरा शिक्षक नाहीं. खर्जाची तार छेडली असतां तिच्या षड्जांतून गंधारहि ऐकूं येतो. याचें कारण, तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट अशा कंपनांचे सूर तिच्या नादांत मिसळलेले असतात. पांचपट कंपनांचा तो गंधार. सदोष अँप्लिफायरहि असेच वरचे सूर उत्पन्न करतो. मात्र ते गवयानें लावलेले नसतात, यंत्रानें पदरचे घातलेले असतात. त्यांतला दुप्पट कंपनांचा सूर म्हणजे वरच्या सप्तकांतला तोच सूर असल्यानें तो फारसा खुपत नाहीं. उलट आवाज जरा भरदार झाल्यासारखा वाटतो. पण सातपट, अकरापट कंपनांचे सूर आपल्या कोणत्याच स्वराशीं जुळत नाहींत, आणि त्यांची थोडी भेसळहि कर्कश लागते.

याहून वाईट गोष्ट दोन सूर एकत्र आले म्हणजे घडते. सेकंदाला १,००० कंपनांचा एक आणि २४० कंपनांचा दुसरा असे दोन सूर सदोष अँप्लिफायरमधून गेले, तर त्यांच्या बेरजेचा १,२४० चा आणि वजाबाकीचा ७६० चा असे दोन उपरे सूर त्यांत आपोआप शिरतात. एकट्या बांसरीच्या वेळीं जो दोष जाणवत नाहीं, तो वाद्यमेळ सुरू होतांच सगळ्या आवाजावर धूळ बसल्यासारखा जाणवूं लागतो, तो यामुळेंच. आतां तो आंकडा सांगतों. यंत्रानें पदरची घातलेली भेसळ मूळ ध्वनीच्या हजारांत एक भागाहून, म्हणजे एक दशांश टक्क्याहून, अधिक नसावी, हें त्या कारागिरांचें ध्येय होतें.

या ध्येयाच्या आड कांचेची नळी जितकी येत होती, त्याहून अधिक येत होता एक लोखंडाचा ठोकळा. व्हॉल्व्हमधून मिळणारी वीज मोठ्या दाबाची, पण अल्प प्रवाहाची असते. लाउडस्पीकरला नेमकें याच्या उलट पाहिजे असतें. तेव्हां या दोहोंच्या मध्यें एक दुभाष्या लागतो, आणि त्याचें नांव आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. लोखंडाच्या पातळ पत्र्यांची चळत, आणि तिच्याभोवतीं तांब्याच्या तारेचे हजारों वेढे, एवढीच त्याची रचना. दिसावयास ती अगदीं साधी. पण मंद्र सूर नीट यावेत तर लोखंड भरपूर आणि वेढे पुष्कळ पाहिजेत. आणि वेढे पुष्कळ झाले कीं तार सूर आंतल्या आंत वाटेंत मुरतात. एकाला जपावें तर दुसरा बिघडतो. या पेचांतून सुटण्याचा मार्ग एकच: दाबाकडचे वेढे आणि लाउडस्पीकरकडचे वेढे वेगवेगळे न गुंडाळतां, त्यांचे लहान लहान थर करून ते एकांत एक असे गुंडाळावयाचे. हें काम किती सूक्ष्म असतें त्याचें उदाहरण पुढें येईलच.

दुसरें एक हत्यार कारागिरांच्या हातीं १९२७ सालीं आलें. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यांत बेल प्रयोगशाळेंतले हॅरोल्ड ब्लॅक हे एंजिनियर हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेंतून सकाळीं कामावर जात होते. वाटेंत त्यांना एक कल्पना सुचली आणि हातांतल्या वर्तमानपत्रावरच त्यांनीं ती टिपून ठेवली. कल्पना अशी, कीं अँप्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा थोडासा अंश उलटा करून पुन्हां त्याच्या मुखाशीं आणून सोडावा. म्हणजे मूळ आणि प्रतिकृति यांत जो फरक पडला असेल तो आपोआप पकडला जाऊन यंत्र स्वतःची चूक स्वतःच सुधारील. इंग्रजींत याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. आपण त्याला उलट परतावा म्हणूं. मोठ्या मेहनतीनें वाढविलेली शक्ति अशी परत करून टाकणें लोकांना इतकें विपरीत वाटलें, कीं १९२८ सालीं केलेल्या अर्जावर पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडलें.

पण उलट परताव्याला एक अट आहे, आणि ती आपल्या घरांतल्या झोपाळ्यावरून चांगली समजते. झोपाळा पुढें येत असतां त्याला हातानें थोपविलें तर तो थांबतो. तोच हात अर्ध्या झोक्यानें उशिरा लागला, तर थोपविण्याऐवजीं झोपाळ्याला नवा झोका मिळतो. त्याप्रमाणें परत आलेला ध्वनि वेळेवर पोहोंचला तरच चूक सुधारतो. उशिरा पोहोंचला तर चूक वाढवितो, आणि यंत्र ओरडूं लागतें. हा उशीर होतो कोठें? मुख्यतः त्या लोखंडाच्या ठोकळ्यांत. म्हणजे परतावा जितका अधिक पाहिजे, तितका ट्रान्स्फॉर्मर निर्दोष पाहिजे. कारागिरांची खरी कसोटी येथें लागली.

१९३४ सालीं हॅरोल्ड जोसेफ लीक यांनीं लंडनमध्यें आपली कंपनी काढली. दुसरें महायुद्ध संपतांच, १९४५ सालीं, त्यांनीं एक अँप्लिफायर बाजारांत आणला आणि त्याचें नांवच ठेवलें ‘पॉइंट वन’, म्हणजे दशांश एक. शेंकडा एक-दोन विकृति असलेलें यंत्र ज्या काळीं उत्तम समजलें जाई, त्या काळीं लीक यांनीं यंत्राच्या नांवांतच हजारांत एक असें वचन दिलें. आंकड्याला नांव बनविण्यांत व्यापारी चातुर्य होतें हें खरें. पण धैर्यहि होतें. ‘मधुर’, ‘अप्रतिम’ हीं विशेषणें कोणाला खोटीं पाडतां येत नाहींत. ‘दशांश एक’ हा शब्द मात्र ज्याच्याजवळ मापनयंत्र असेल त्याला खोटा पाडतां येतो. १९४८ सालीं आलेला त्यांचा बारा वॅटचा टी.एल. १२ हा याच वचनाशीं बांधलेला होता.

लीक यांच्यापाठोपाठ एक अशी गोष्ट घडली कीं जिनें स्पर्धेचें रूपच बदललें. डी. टी. एन. विल्यम्सन या तरुण एंजिनियरनें युद्धकाळांत एका व्हॉल्व्हच्या कारखान्यांत नोकरी करीत असतां स्वतः एक अँप्लिफायर बेतला होता. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत त्यांनीं त्याची सबंध कृति ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकांत छापून टाकली. के.टी. ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह, पंधरा वॅट शक्ति, आणि विकृति हजारांत एकाहून कमी. विशेष म्हणजे त्यांनीं ट्रान्स्फॉर्मरहि लपविला नाहीं. दाबाकडचे ४,४०० वेढे. ते दहा भागांत वांटलेले. प्रत्येक भागांत ४४० वेढे, तेहि ८८ चा एक थर याप्रमाणें पांच थरांत. आणि या भागांच्या अधूनमधून लाउडस्पीकरकडच्या तारेचे आठ भाग. इतकें सारें त्यांनीं सांगून टाकलें. एखाद्या हलवायानें आपल्या दुकानांतली पाककृति वजनामापासह फळ्यावर लिहून ठेवावी, तसेंच हें झालें. इंग्लंडपासून अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत हौशी लोकांनीं घरीं बसून तो अँप्लिफायर तयार केला. कारखानदारांपुढें आतां एक नवी अडचण उभी राहिली: घरीं होणाऱ्या यंत्राहून आपलें यंत्र चांगलें आहे, हें त्यांना सिद्ध करून दाखवावें लागणार होतें.

या अडचणीला पीटर वॉकर यांनीं दिलेलें उत्तर मोठें मार्मिक होतें. वॉकर यांनीं १९३६ सालीं सभांतून वापरण्याचे ध्वनिवर्धक करण्याचा धंदा लंडनमध्यें सुरू केला होता. बाँबवर्षावांत कारखाना सांपडल्यावर १९४१ सालीं ते हंटिंग्डन या लहान गांवीं गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. घरगुती वापराच्या दर्जेदार अँप्लिफायरास त्यांनीं दिलेल्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘क्वाड’ हा शब्द निघाला. १९५३ सालीं आलेल्या क्वाड दोन या यंत्रांत के.टी. ६६ हेच दोन व्हॉल्व्ह होते, शक्तीहि तीच पंधरा वॅट होती. भेद होता तो ट्रान्स्फॉर्मरच्या गुंडाळणींत. त्याच्या वेढ्यांचा कांहीं भाग वॉकर यांनीं पत्र्याच्या बाजूस न ठेवतां व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या बाजूस जोडला. त्यामुळें परताव्याचा बराचसा भाग लांबच्या वाटेनें न जातां जागच्या जागींच मिळूं लागला. सुटे भाग कमी झाले, जागा कमी लागली. दोन टोंकांस दोन धातूचे डबे आणि मध्यें व्हॉल्व्हांची छोटी रांग, एवढेंच तें यंत्र. सुमारें चौदा वर्षें त्याच्या मूळ रचनेंत फरक करण्याची गरज पडली नाहीं. लीक यांची वृत्ति आंकडा अधिकाधिक खालीं नेण्याची. तर वॉकर यांची वृत्ति अशी, कीं विकृति कानाला कळण्याच्या खालीं गेली कीं कारागिरानें तेथें थांबावें, आणि यंत्र साधें, टिकाऊ व परवडणारें करण्याकडे लक्ष द्यावें. ज्याचें अस्तित्व कळूं नये तो उत्तम अँप्लिफायर, असें ते मानीत.

वॉकर आणि विल्यम्सन या दोघांनीं मिळून १९५२ च्या सप्टेंबरांत ‘वायरलेस वर्ल्ड’मध्यें एक लेख लिहिला. त्याचा मथळा मराठींत सांगावयाचा तर ‘अँप्लिफायर आणि अतिशयोक्ति’ असा होईल. या लेखांत त्यांनीं अमेरिकेंतून येऊं लागलेले नवे दावे तपासून पाहिले होते. तेव्हां आपणहि आतां अमेरिकेकडे वळूं.

अमेरिकेंत फ्रँक मॅकिंटॉश यांनीं १९४९ सालीं आपली कंपनी स्थापिली. न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन हें पुढें तिचें गांव झालें. त्यांना अधिक शक्ति पाहिजे होती, आणि शक्ति वाढवितांना एक जुनी अडचण आड येत होती. मोठ्या अँप्लिफायरांत व्हॉल्व्हांची जोडी असते. ती लाकूड कापणाऱ्या दोन करवत्यांप्रमाणें काम करते. एकानें ओढावयाचें, मग दुसऱ्यानें. एकाचा जोर संपून दुसऱ्याचा सुरू होण्याच्या क्षणीं करवत अडखळली तर कापलेल्या फळीवर खांच पडते. तशीच खांच ध्वनीवरहि पडते, आणि ती मंद आवाजाच्या नाजूक जागीं अधिक ऐकूं येते. मॅकिंटॉश आणि त्यांचे सहकारी गॉर्डन गो यांनीं यावर तोड काढली ती अशी, कीं दोन तारा जोडीनें, अंगाला अंग लावून, एकाच वेळीं गुंडाळावयाच्या. म्हणजे दोन व्हॉल्व्हांतला दुवा इतका घट्ट होतो कीं खांच पडण्यास अवसरच राहत नाहीं. पण या दोन तारांमध्यें शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, आणि त्यांना अलग ठेवणारें आवरण केसाएवढें पातळ. एका ठिकाणीं जरी तें खरवडलें तरी सगळी गुंडाळी फुकट. म्हणून हे ट्रान्स्फॉर्मर त्यांनीं स्वतःच्या कारखान्यांत गुंडाळले. १९६१ सालीं आलेल्या त्यांच्या एम.सी. २७५ या यंत्रांत ७५ वॅटच्या दोन बाजू होत्या.

त्याच राज्यांत, न्यूयॉर्क शहरांत, सॉल मॅरँट्झ यांचा उदय झाला. हे मूळचे एंजिनियर नव्हेत. मुद्रित चित्रांची व अक्षरांची रचना करणें हा त्यांचा व्यवसाय. १९५४ पूर्वीं ग्रामोफोन-तबकड्यांच्या निरनिराळ्या कंपन्या आपल्या तबकड्या निरनिराळ्या स्वरमापानें मुद्रित करीत, आणि एकाच यंत्रावर त्या सर्व नीट वाजत नसत. या गैरसोयीला कंटाळून त्यांनीं राहत्या घरीं एक नियामक यंत्र तयार केलें. त्यांत तबकड्यांसाठीं छत्तीस निरनिराळ्या जुळण्या करतां येत. मागणी वाढली, सिडनी स्मिथ हे कुशल एंजिनियर त्यांना येऊन मिळाले, आणि मॉडेल दोन, मॉडेल सात, मॉडेल नऊ हीं यंत्रें १९५६ पासून १९६० पर्यंत एकामागून एक बाहेर पडलीं. मॉडेल नऊच्या दर्शनी बाजूस जहाजाच्या खिडकीसारख्या गोल भोकांत एक मापक बसविलेला होता. व्हॉल्व्ह म्हातारे होतात, त्यांचा प्रवाह बदलतो. तो घरच्या मालकानेंच वेळोवेळीं पाहून जुळवून घ्यावा, यासाठीं ही सोय. मॅरँट्झ यांचें नियामक यंत्र आणि मॅकिंटॉश यांचा अँप्लिफायर अशी जोडी घरांत ठेवणारे, किंवा याच्या उलट करणारे, आणि त्यावर वाद घालणारे रसिक अमेरिकेंत आजहि भेटतात.

या सर्व स्पर्धेंत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. हे प्रतिस्पर्धी स्वतःला उघड्यावर पारखूं देत. याचीं दोन उदाहरणें सांगतों. १९५४ सालीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉल या सुमारें तीन हजार श्रोत्यांच्या सभागृहांत, लाउडस्पीकर तयार करणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनीं वॉकर यांच्या साहाय्यानें एक प्रयोग केला. रंगमंचावर वादक प्रत्यक्ष वाजवीत, आणि मग त्याच संगीताचें मुद्रण पंधरा पंधरा वॅटच्या क्वाड अँप्लिफायरांवरून ऐकविलें जाई. मूळ आणि प्रतिकृति एकाच सभागृहांत, एकाच श्रोत्यांपुढें! ही कानांची परीक्षा. दुसरी परीक्षा मापनयंत्राची. १९६२ पासून मॅकिंटॉश यांच्या कंपनीनें गांवोगांवच्या दुकानांतून अँप्लिफायरांचे जणुं दवाखाने भरविण्यास सुरुवात केली. कोणीहि यावें, कोणत्याहि कंपनीचें यंत्र आणावें. कंपनीचा माणूस तें फुकट मापी आणि विकृतीचा आलेख काढून मालकाच्या हातांत देई. प्रतिस्पर्ध्याचें यंत्र चांगलें निघालें तर तेंहि त्याच कागदावर दिसे.

यानंतरचा भाग थोडा खेदाचा आहे. उत्तमाचा हट्ट स्वस्त नसतो. मॅरँट्झ यांनीं नभोवाणीचें ग्रहण करणारें एक अतिशय उत्कृष्ट यंत्र तयार करावयास घेतलें. त्याच्या खर्चानें कंपनी वांकली, आणि १९६४ सालीं ती त्यांना दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागली. लीक यांनीं १९६३ सालीं स्वतःच ट्रॅन्झिस्टरचा अँप्लिफायर बाजारांत आणला, आणि १९६९ सालीं आपली कंपनी एका मोठ्या उद्योगसमूहास विकली. वॉकर यांचाहि ट्रॅन्झिस्टरचा अँप्लिफायर १९६७ सालीं आला. ट्रॅन्झिस्टरला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर लागत नाहीं. तो लाउडस्पीकरशीं परस्पर बोलूं शकतो. जो पेंच सोडविण्यांत त्या कारागिरांचीं वर्षें गेलीं, तो पेंचच शिल्लक राहिला नाहीं. हजारांत एक हा आंकडा पुढें सामान्य यंत्रांनींहि गांठला आणि ओलांडला.

आणि तरीहि व्हॉल्व्ह परत आला. मॅकिंटॉशचा एम.सी. २७५ बंद होऊन वीस वर्षें झाल्यावर, १९९३ सालीं, पुन्हां तयार होऊं लागला. जपानांत कोंडो हिरोयासु यांनीं तर उलट दिशेनेंच वाट काढली. १९८९ सालच्या त्यांच्या ‘ओंगाकु’ या यंत्राच्या नांवाचा अर्थच संगीत. त्यांत करवत्यांची जोडी नाहीं. एकेका बाजूस एकेकच मोठा व्हॉल्व्ह आहे, आणि तोहि मुळांत संदेश प्रक्षेपित करण्यासाठीं निघालेला. उलट परतावा नाहीं. आणि ट्रान्स्फॉर्मरची तार तांब्याची नसून चांदीची. अशा यंत्राची विकृति पूर्ण शक्तीवर हजारांत नव्हे, शेंकड्यांत मोजावी लागते. पण तिच्यांत दुप्पट कंपनांच्या त्या वरच्या षड्जाचाच भाग मोठा असल्यामुळें ती कानाला खुपत नाहीं, आणि अनेकांना तो भरदार आवाज अधिक जिवंत वाटतो. लीक यांच्या शिष्यानें याला दोष म्हणावें, कोंडो यांच्या चाहत्यानें याला गुण म्हणावें; दोघेहि एकाच वस्तूविषयीं बोलत आहेत.

तेव्हां आरंभीं घेतलेल्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर ट्रॅन्झिस्टरच्या अँप्लिफायरहून अधिक सच्चा असतो, असें म्हणण्यास आधार नाहीं. तो चांगला असूं शकतो, आणि चांगला असला तर तें श्रेय कांचेच्या नळीच्या लालसर प्रकाशाचें नसून, डब्यांत डांबर भरून बुजविलेल्या, मालकाला कधींच न दिसणाऱ्या त्या लोखंडाच्या ठोकळ्याचें, आणि तो गुंडाळणाऱ्या हातांचें आहे. आज या यंत्रांच्या जाहिरातींतून विशेषणें पुष्कळ वाचावयास मिळतात आणि आंकडे क्वचितच दिसतात. ज्यांना आवडीखातर पैसे खर्चावयाचे असतील त्यांनीं जरूर खर्चावेत. आवड ही कांहीं अपराध नव्हे. मात्र विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. याची विकृति किती, आणि ती किती शक्तीवर मापली? आणि हें यंत्र आठ दिवस घरीं नेऊन, माझ्या जुन्या यंत्राशेजारीं ठेवून, माझ्या ओळखीच्या तबकड्यांवर ऐकूं द्याल का? लीक, वॉकर, मॅकिंटॉश आणि मॅरँट्झ एकमेकांशीं पुष्कळ भांडले, पण यांतल्या कोणालाहि या प्रश्नांची भीति वाटली नसती. ज्या विक्रेत्याला ती वाटते, त्याच्या यंत्राची किंमत कितीहि असो, आपण आपला जुना रेडिओ तापावयास ठेवावा आणि अर्धें मिनिट वाट पाहावी, हें बरें.